दाराबाहेरची दोन पानं

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. गुडघा कसा आहे? आईने विचारायला सांगितलेलं नाही, पण मी लिहायला बसल्यापासून दोनदा मागून डोकावून गेली, म्हणजे तिला हवं आहे.

तुमच्या नाटक कंपनीच्या द्वारपालाच्या नाटकाचा ऑपेरा अखेर उभा राहिला. तीन तासांच्या नाटकाची मी दीड तासात घडी घातली. गाताना एका वाक्याला चौपट वेळ लागतो, त्यामुळे कात्री चालवताना जीव नकोसा झाला. एकच जागा मी सोडली नाही. शहरात साथ येते, द्वारपाल दरवाजा लावून घेतो आणि त्याची स्वतःची मुलगी बाहेर राहते. तिथून ती बापाशी बोलते, ती दोन पानं. आमची गायिका ती अकरा मिनिटं गाते. तेवढा वेळ सुतारही हातोडी खाली ठेवतात.

आणि तिथेच माशी शिंकली. तुझे जिवलग नटकाका, ज्यांनी द्वारपाल गाजवला, त्यांनी नाट्यगृहाच्या समितीकडे तक्रार केली आहे. त्यांचं म्हणणं, मूळ नाटकात मुलगी चकार शब्द बोलत नाही, दारावर फक्त तीन थापा मारते. बाकी सगळं मी पदरचं घुसडलं. छापील पुस्तक दाखवलं, तर म्हणाले की ते नाटककार गेल्यावर निघालं, प्रकाशकाने भर घातली. आईने सुरुवातीला ती भूमिका केली होती ना? तिला विचारलं, तर म्हणते आठवत नाही. आठवलं असतं तरी लेकीसाठी आईची साक्ष कोण मानणार?

सुनावणी २४ तारखेला आहे. नाटककारांनी कंपनीला स्वतः दिलेली टाइप केलेली प्रत घेऊन तू एकतीस वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलास. ती रजिस्टरने पाठव. एवढंच काम आहे.

गुडघ्यावर राग काढ, माझ्यावर नको.

तुझी,
भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक चिमटा.

गुडघा बरा आहे. जिना त्याला पटत नाही आणि मला खालचा मजला परवडत नाही. तू नाटक गायला लावलंस. मी ज्यांना प्रॉम्प्टिंग केलं त्यातले निम्मे धड बोलतही नव्हते, तेव्हा तुझी प्रगती आहे.

प्रतीचं म्हणशील तर घर बदलताना एक ट्रंक गहाळ झाली, बहुधा त्यात गेली. शोधतो, पण भरवशावर राहू नकोस.

तुझा नटकाका परवा येऊन दोन तास बसला. थकलाय गं. म्हणाला, लोक मला त्या तीन थापांमुळे लक्षात ठेवतात, तेवढंही ही पोर काढून घेतेय. तुझ्या मामीच्या शेवटच्या आजारपणात मी दौऱ्यावर होतो, तेव्हा दीड महिना हॉस्पिटलात तो बसला होता. हे मी विसरू शकत नाही. तू शहाणी आहेस. थापा ठेवल्यास तर काय बिघडेल?

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा,
मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामास,
नमस्कार.

आज गमती नाहीत. समितीचं पत्र आलं: पुरावा नसेल तर ते गाणं गाळूनच प्रयोग करावा. चार महिने राबलेली गायिका माझ्यासमोर पाणी पीत उभी होती. संगीतकार म्हणतो, तिथे ढोलावर तीन ठोके वाजवू, भागेल. मग त्या मुलीचं ऑपेरात उरतं काय?

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ट्रंकेपाशी आल्यावर ती म्हणाली की तुझ्या मामाने लाँड्रीची पावतीसुद्धा कधी हरवलेली नाही. मग उठली आणि इस्त्री केलेलेच कपडे पुन्हा इस्त्री करत बसली.

मामा, तू माझ्याशी खोटं बोलतोयस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. लोभ, राग, सगळं त्यानंतर.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

चि. छोटीस,
आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? तरी लिहितो.

प्रत माझ्याच कपाटात आहे. भिंगरीशी खोटं बोललो, पण त्याआधी तुझ्याशी बोललो होतो, म्हणून आधी तुला लिहितो.

तू दाराआडून बोलायचीस आणि सगळं थिएटर त्या बंद दाराकडे बघत बसायचं. पुढे द्वारपाल होऊन उभ्या असलेल्या त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. अकराव्या प्रयोगानंतर तो मला म्हणाला, प्रवेश रेंगाळतो, दोन पानं काढ, थापा पुरतील. नाटककार जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते, विचारायचं कुणाला? मी लाल पेन्सिलीने काट मारली, आणि सवयीने खाली तारीख घातली. तुला मात्र सांगितलं की नाटककारच जाताना तसं सांगून गेले. त्याचा शब्द मोडायची हिंमत नव्हती, आणि तुझं पडलेलं तोंड बघायचीही.

दोन महिन्यांनी तू कंपनी सोडलीस. लग्न ठरलं म्हणून सोडलीस, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मलाही तेच सोयीचं होतं.

मी २४ ला प्रत घेऊन येतोय. तो पुन्हा माझ्या घरची पायरी चढणार नाही, हे धरून चाललोय. भिंगरीला हे पत्र दाखव. तिने हो की नाही विचारलं होतं. उत्तर हो आहे.

काही मागायचा हक्क नसलेला,
दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

सुनावणीत ती दोन पानं वाचून झाल्यावर तू प्रत टेबलावर ठेवलीस आणि मागे न बघता निघून गेलास, म्हणून पुढचं लिहिते. मी शेवटच्या रांगेत होते. भिंगरीला ठाऊक नव्हतं.

अध्यक्षबाईंनी काट आणि तारीख दोन्ही पाहिली आणि प्रत सगळ्यांत फिरवली. नटकाका उठून म्हणाले, लोकांना थापाच आवडल्या होत्या. ते खोटं नाही, दादा. मीच मारायचे त्या, मला ठाऊक आहे. मग मत घेतलं. तीन विरुद्ध दोन. गाणं राहिलं. भिंगरी तिथेच खाली बसली आणि गायिकेने तिला हाताला धरून उठवलं. नटकाका एकटेच जिना उतरले. मी त्यांना रिक्षा करून दिली.

नाटककारांनी सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. ते जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले होते. ती दोन पानं त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतली होती. तू सांगत होतास तेव्हा तुझ्या बोटांना लाल रंग होता. तू कधीतरी स्वतःहून सांगशील, म्हणून मी गप्प राहिले. वाट बघता बघता भिंगरी एवढी मोठी झाली. तिला आठवत नाही म्हणाले, कारण आठवतं म्हटलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

माफ केलं, असं लिहायला हात उठत नाही. उठेल तेव्हा लिहीन.

काल तालमीला गेले होते. दाराआड उभं राहून आवाज कुठे टाकायचा, हे गायिकेने मला विचारलं. आम्ही दोघी तासभर त्या लाकडी दारामागे उभ्या होतो. पाय दुखले, फार बरं वाटलं.

पहिला प्रयोग ९ तारखेला आहे. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्या नावाने ठेवायला सांगितली आहे. कडेची आहे, गुडघा लांब करता येईल. मी तुझ्याशी बोलणार नाही.

लोभ आहे की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पण ये.

तुझी,
छोटी