कापून टाकलेला अर्धा तास

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय इरावती मॅडमना,
धैर्यशीलचा साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बरी नसणार हे मला माहीत आहे. तुमचा फोन बंद लागतोय. लोक त्यावर काय काय बोलले असतील तेही माहीत आहे. म्हणून हे पत्र.

माझं म्हणाल तर कॉलेज सोडल्यापासून इथं आकाराममामाच्या दूध संकलन केंद्रावर आहे. दुधाची फॅट बघायची, कॅन धुवायचे. मामा दूध घालायला आलेल्यांच्या समोर हाक मारतो, "ओ फिलॉसॉफर, कॅनला घासणी मारायला पण ग्रीक लोक लागत्यात व्हय रं?" सगळे हसतात. मीपण हसतो. मलकापूरला घरी अजून सांगितलेलं नाही. आईला वाटतंय माझा अभ्यास चाललाय.

तुमचा तत्त्वज्ञानाचा विषय घेतला तेव्हा मित्र म्हणाले होते, येड्या, ह्याला नोकरी न्हाय. मी पहिल्याच तासाला तुम्हाला ते उद्धटपणे विचारलं. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "नोकरीचं मला ठाऊक नाही. पण कुणी तुला उल्लू बनवत असेल तर लवकर कळेल." सगळी नोकरी तुम्ही हेच शिकवण्यात घालवलीत. न्याय म्हणजे काय, राज्य कुणी करावं, माणूस मोकळा कशानं होतो. शेजारच्या वर्गात बसायला जागा नसायची आणि आपल्याकडे बाकं रिकामी, तरी तुम्ही कधी कंटाळून शिकवलं नाहीत.

मी मात्र तो विषय ग्रीकांसाठी घेतलाच नव्हता. राजनंदिनीनं घेतला म्हणून घेतला. तुमचे तास फोनवर रेकॉर्ड करायचो, तेपण अभ्यासाला नव्हे. मधूनअधून तिचा आवाज यायचा, तेवढ्यासाठी.

शनिवारची तुमची पद्धत तुम्हाला काय सांगायची, पण आता ती मला तुमच्यावरच्या चौकशीत सांगायचीय, म्हणून इथं मांडून बघतो. चिठ्ठी काढायची. जी बाजू येईल ती पटो न पटो, अर्धा तास आपली समजून लढवायची. मग तुम्ही टेबलावर डस्टर आपटायचा आणि उरलेल्या वेळात ज्यानं त्यानं आपलं खरं मत सांगायचं. त्या शनिवारी राजनंदिनीला चिठ्ठी आली, 'घर असो नाहीतर राज्य, शब्द एकाचाच चालावा.' ती अडखळली. तुम्ही तिच्या मदतीला आलात आणि त्याच बाजूनं बोललात, "औत धरणाऱ्याला राज्य काय कळतं? मताचा हक्क सगळ्यांना देऊच नये!"

मी तेवढाच तुकडा कापला. 'शेतकऱ्याच्या पोरांना शिकवते आणि त्यांचीच लायकी काढते' असं वर लिहून ग्रुपवर टाकला. पुढचं तुम्ही भोगताय. गेटवर तुमच्या फोटोला काळं फासलं. निवृत्तीच्या वर्षात तुमच्यावर चौकशी बसली, आणि मी कॉलेज सोडून मामाकडं निघून आलो.

रागात केलं, असं मी स्वतःला सांगत होतो.

रविवारी राजनंदिनी केंद्रावर आली. मामासमोरच सुरू झाली.
"धैर्या, क्लिप तुझीच न्हवं?"
"कोण म्हणतंय?"
"मॅडमना पहिल्या दिवसापासून माहीत हाय. बाकावर फोन उपडा ठेवून कोण बसतंय दुसरं? प्राचार्यांनी चार वेळा नाव विचारलं. म्हणाल्या, माझ्या पोरांची नावं मी देत नाही."
मी म्हणालो, "सगळं रेकॉर्डिंग द्यायला मी तयार हाय. पण तुझं बोलणं त्यात हाय की. तुझ्या वडलांना कळलं तर?"
"माझं नाव पुढं करू नकोस. आण्णांना मी कालच सांगितलंय. दोन दिवस जेवणार न्हाईत माझ्या हातचं, मग जेवत्यात."

ती गेल्यावर मामानं माझ्या हातातली घासणी काढून घेतली आणि उरलेले कॅन स्वतःच धुतले.

मॅडम, ती काय बोलली होती ते तुम्हाला आठवत असेल. डस्टर आपटल्यावर तुम्ही तिला तिचं स्वतःचं मत विचारलंत. ती म्हणाली, "आण्णांचं पटलं न्हाय तर मी घर सोडतो. पण ज्याच्यासाठी सोडावं असला पोरगा अजून बघितला न्हाय." आख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला आणि हसला. मला वाटलं तुम्हीपण हसलात. तुम्ही मुद्दाम विचारलंत असं वाटलं. त्याच दुपारी क्लिप कापली.

काल ते सगळं पुन्हा ऐकलं. तुमचं हसणं त्यात कुठंच नाही. "शांत बसा, तिनं हिमतीनं सांगितलंय," एवढाच तुमचा आवाज आहे. आणि त्याच्या पुढं, "आता माझं मत ऐका. औत धरणाऱ्याला सगळं कळतं, म्हणूनच त्याला विचारायला राज्यकर्ते भितात." हे वाक्य मी कापून टाकलं होतं. माझा बापपण औतच धरतो.

सगळं रेकॉर्डिंग इतके दिवस दाबून ठेवलं, त्यामागं तुमच्यावरचा राग नव्हता, तिची काळजीपण नव्हती. वर्ग मला हसला हे कुणाला ऐकू जाऊ नये, एवढ्यासाठी मी तुमची सगळी नोकरी मातीत घातली. हे लिहिताना मान वर होत नाही.

शुक्रवारी चौकशीला मी येतोय. पहिल्या मिनिटापासून सगळं वाजवणार, मधलं काहीही न कापता. क्लिप कुणी केली तेही मीच सांगणार. माझ्या वतीनं तुम्ही एक शब्द बोलू नका. पोरगं लहान आहे, चुकलं, असलं काही म्हणू नका. लहान नाही मी.

समितीची माणसंपण तिथं हसतील. हसू देत. फक्त ते वाजत असताना तुम्ही माझ्याकडे बघू नका, एवढं करा.

तुमचा विद्यार्थी म्हणवून घ्यायला लाजणारा,
धैर्यशील