दोघींना दिलेला शब्द

सोमवार, १४ जुलै

तास फसला! पुरता फसला.

खिडक्यांना काळे कागद, ट्यूबलाइट बंद, मोबाइलवर भोंगा. युद्धात घरी राहिलेल्या माणसांचं काय होतं ते पुस्तक वाचून कळत नाही, म्हटलं नववीला जरा अंधारात बसवावं. मुलं बेंचखाली शिरली, खिदळली, कोणीतरी तोंडाने विमान उडवलं. एवढं चालायचंच. पण आकांक्षा उठली ती सरळ दाराबाहेर. न विचारता! मागे गेले तर नळापाशी ओकत होती.

"काही नाही, बाई. डबा बाधला."

मधली सुट्टी व्हायची होती अजून. कुठला डबा? रागावलेच मी. नाटकं, दुसरं काय.

मंगळवार, १५ जुलै

नाटकं नव्हती.

शाळा सुटताना गेटवर नम्रता उभी. आकांक्षाची आई. कॉटन ग्रीनला एका गोडाऊनच्या ऑफिसात काम करते, हाफ डे टाकून आलेली. वाटलं, कालच्या तासाची तक्रार. तिने मला हाताला धरून भिंतीकडे नेलं.

तिचा नवरा राजेश तेलाच्या जहाजावर, इंजिन खात्यात. गेल्या आठवड्यात जहाजावर ड्रोन पडलं. लढाई दुसऱ्यांची. हे आपले वाटेत होते, बस्स! काही जणांना दुसऱ्या बोटीने उचललं म्हणतात. कोणाला, ते कंपनी सांगत नाही. "चेक करतोय, मॅडम" — रोज हेच.

आणि आकांक्षाला यातलं काहीच माहीत नाही. पप्पांचा फोन पाण्यात पडला, त्यांनी नवा नंबर घेतला, असं सांगितलंय.

"त्या नंबरावरून मीच मेसेज टाकते, बाई. जेवलीस का बाळा, अभ्यास कर... माका काय सुचना नाय." मालवणीत कधी गेली तिचं तिलाच कळलं नाही. मग डोळे पुसून एकदम कडक — "तुम्ही ते युद्धाचं बंद करा. आणि तिला काही कळू देऊ नका. शब्द द्या."

दिला. समोर ती तशी उभी, काय म्हणणार होते?

बुधवार, १६ जुलै

प्रदर्शनाचा विषय बदलू या का, म्हणून हेडमास्तरांना विचारलं. हितेंद्र सर म्हणाले, "का?" कारण सांगता येईना. "बाई, शनिवारी पालकांसमोर प्रदर्शन आहे. मे महिन्यात ब्लॅकआउटचं मॉक ड्रिल झालं तेव्हा या पोरांनी रील्स काढल्या! कळू दे की त्यांना. आणि उद्या तुमच्या मम्मी वर्गाला आठवणी सांगायला येतायत ना?"

येतायत. गेल्या आठवड्यात मीच हौसेने ठरवलेलं.

घरी आल्यावर मम्मीला बजावलं — एकाहत्तरच्या लढाईतलं फक्त मजेचं सांग. मम्मी म्हणाली, "ट्रेसी, लढाईत मजेचं काय असतं गो?"

गुरुवार, १७ जुलै

मम्मीने वर्ग जिंकला. सत्तरीची बाई, गिरगावातून टॅक्सी करून आली, फुलांचा फ्रॉक, खुर्ची नको म्हणाली. काचांना खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. बिडी पेटवली म्हणून अख्ख्या वाडीने शिव्या घातलेला म्हातारा. डिसेंबरात गॅलरीत लावलेला नाताळचा स्टार तिच्या पपांनी उतरवला, म्हणून दोन दिवस न जेवलेली सेसिलिया — म्हणजे तीच. मुलं हसून हसून लोळली.

मग आकांक्षाचा हात वर.

"आजी, कोणाच्या घरचं माणूस लढाईवर असेल तर... त्याचं काय झालं ते कसं कळायचं?"

मी मम्मीकडे बघतेय, मान हलवतेय. ती माझ्याकडे बघेल तर ना!

"आमच्या वर कास्मीर अंकल राहायचे," ती म्हणाली. "नेव्हीत. बोट बुडाली, रेडिओवर आलं. बायको माहेरी वसईला गेलेली, तिला पत्ताच नाही. परत आली, तर आम्ही सगळ्यांनी ठरवलं — आपण सांगायचं नाही, तार येईल तेव्हा येईल. जिन्यात भेटली की हसायचो, केक करणार का विचारायचो. मग तार आली. त्यानंतर ती वाडीत कोणाशीच बोलली नाही. नवरा गेला म्हणून नाही, पोरी. आम्ही माहीत असून हसलो म्हणून."

आकांक्षा मम्मीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

शुक्रवार, १८ जुलै

प्रदर्शनाचे तक्ते लावायला आकांक्षा मागे थांबली. स्टुलावर चढून टाचण्या मारत होती. मी खाली तक्ता धरून. पाठमोरीच म्हणाली —

"माझी मम्मी तुम्हाला भेटली ना?"

मी टाचण्यांची डबी वर केली.

"तो नंबर पप्पांचा नाहीये, बाई. पप्पा टाइपच करत नाहीत. व्हॉइस पाठवतात, मागे इंजिन धडधडत असतं. आणि मला बाळा म्हणत नाहीत, 'ए म्हातारे' म्हणतात." टाचणी आत जाईना, अंगठ्याने दाबत राहिली. "जहाजाचं नाव मी बातम्यांत बघितलं. पहिल्याच दिवशी."

"मग आईला का नाही बोललीस?"

"मेसेज टाकून झाला की ती झोपते तरी. मी 'हो पप्पा' लिहिते. हार्ट पण टाकते." मग वळली. "तिला सांगू नका हां. प्रॉमिस?"

आणि मी हो म्हटलं! परत! चौदा वर्षांची पोर आईला झोपवतेय आणि मी खाली उभी राहून मान डोलावतेय. घरी येऊन ताट तसंच सरकवलं. मम्मीने विचारलं, "काय झालं?" तिच्यावरच ओरडले.

शनिवार, १९ जुलै

मोडला. दोघींना दिलेला शब्द मोडला.

प्रदर्शन चालू होतं. नम्रता तक्त्यांसमोर उभी, आकांक्षा तिला ब्लॅकआउट समजावून सांगतेय — दोघी हसतायत. इतक्या छान हसत होत्या! मला बघवेना. दोघींना प्रयोगशाळेत नेलं, दार लोटलं आणि बोलून टाकलं. "नम्रताताई, तिला सगळं माहीत आहे. आकांक्षा, आईला वाटतं तुला माहीत नाही. मला हे आता नाही झेपत."

नम्रताचा चेहरा पांढरा पडला. "बाई, तुम्ही शब्द दिला होता."

"हो."

"तुमचं कोण आहे तिथे? कोणी आहे? मग तुम्हाला कोणी सांगितलं मध्ये पडायला!"

बाहेर येऊन दाराशी उभी राहिले. मग आतून आकांक्षाचा आवाज — "मम्मी, 'बाळा' काय लिहितेस गं? त्यांनी कधी म्हटलंय का?" आणि नम्रता रडायला लागली. हसतही होती बहुतेक. नक्की कळलं नाही.

जाताना आकांक्षाने आईचा हात धरला होता. माझ्याकडे दोघींनी बघितलं नाही. पालक खोळंबले म्हणून हितेंद्र सर चिडले. चिडू देत.

रविवार, २० जुलै

चर्चमध्ये मासला गेले. गुडघे टेकले. काय मागायचं तेच ठरेना. त्यांच्यासाठी मागू की स्वतःसाठी? नम्रताला फोन लावला. उचलला नाही.

सोमवार, २१ जुलै

शाळेत पोचले नव्हते तोच फोन. नम्रताचा नंबर, पण आवाज आकांक्षाचा. सपाट.

"बाई, कंपनीचा फोन आलेला. मी उचलला. पप्पा नाहीत. मम्मीला मीच सांगितलं, लगेच सांगितलं." मागे बायकांचं रडणं. "मी थोडे दिवस येणार नाही. वर्गाला तुम्ही सांगून ठेवा. सगळ्यांना."

पहिल्या तासाला हजेरी घेतली नाही. खडू खाली ठेवला आणि सांगितलं.