तिसऱ्या वर्गानं मद्रासला

मुदखेड,
मार्गशीर्ष शुद्ध १०, शके १८५९

चिरंजीव मार्तंड यास रेणुकादासाचा आशीर्वाद.

इकडं मी बरा आहे. थंडी कडक आहे, ज्वारी हुरड्यावर आली आहे. तुझा पत्ता लातूरहून इंदूनं कळवला. तुझ्या बहिणीनं पत्रासोबत वर्तमानपत्राचं कात्रणही धाडलं. विलायतेचा फुटबॉल संघ हिंदुस्थानात येतो आहे आणि त्यांच्याशी खेळणाऱ्या आपल्या अकरांत तुझं नाव आहे, हे त्यावरून समजलं. चार वर्षांत हे माझं तुला पहिलंच पत्र, म्हणून अक्षर ओळखशील की नाही कोण जाणे.

सामने मुंबई, सिकंदराबाद, मद्रास आणि कलकत्ता इथं आहेत. त्यांतले पहिले तीन मी पाहणार आहे. कलकत्ता माझ्या आवाक्याबाहेर आहे. बत्तीस वर्षं तिकीटखिडकीमागं बसून मी जगाला गाड्या सांगितल्या, पण स्वतः मनमाडच्या पुढं कधी गेलो नाही. आता नोकरी सुटली, वेळच वेळ आहे.

सगळं आखून ठेवलं आहे. मुदखेडहून छोट्या लाइनीनं मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई. सकाळी उतरायचं, सामना पाहायचा आणि त्याच रात्रीची परतीची गाडी धरायची, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. सिकंदराबादची गाडी आपल्या दारावरूनच जाते, तेव्हा मधे घरी उतरून कपडे धुऊन घेता येतील. सिकंदराबादेत स्टेशनाजवळ धर्मशाळा आहे. तिथून मद्रासला लोक वाडी जंक्शनवरूनही जातात, पण ते लांब पडतं. मी बेजवाड्यावरून जाईन. सगळा प्रवास तिसऱ्या वर्गानं. धपाटे तीन दिवस टिकतात. हल्ली मीच थापतो, कडेला जळतात, पण खाता येतात.

मैदानात स्वस्तातली जागा कुठल्या बाजूला असते तेवढं कळव. न कळवलंस तरी मी येणारच. मी विलायतेचा संघ पाहायला येऊन राहिलो आहे. तू मला भेटायला येण्याची तसदी घेऊ नकोस.

रेणुकादास


सिकंदराबाद, धर्मशाळा,
पौष शुद्ध ६

चि. मार्तंड,

तुझं उत्तर आलं नाही. ते योग्यच. हे पत्र तुमच्या उताऱ्यावर मी स्वतःच्या हातानं देऊन येणार आहे. डाकेवर सोपवायची हिंमत नाही. टाकलेलं पत्र परत मागता येत नाही म्हणून नव्हे, टपालपेटीपर्यंत जाऊन मी न टाकताच परतेन म्हणून.

मुंबईत मी दोरीपलीकडं उभा होतो. ते लोक बुटांत आणि तुम्ही बरेचसे अनवाणी. मध्यंतरानंतर त्यांच्या एका उंच गड्यानं तुला आडवं केलं आणि तू उठेनास. तेव्हा मी दोरीखालून आत शिरलो होतो. पोलिसानं दंडाला धरून मागं ओढलं, विचारलं, कोण तुमचा? मी म्हणालो, "मुलगा आहे माझा." हा शब्द चार वर्षांत तोंडातून निघाला नव्हता. मग तू उठलास, गुडघा चोळून पुन्हा धावलास, आणि मी तुला न भेटता गाडी धरली.

काल इथला सामना बरोबरीत सुटला. कालही मी फाटकापाशी तासभर उभा राहून परत आलो. तुझ्यासमोर बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

रेल्वेची नोकरी तीन आठवड्यांत सोडून तू मुंबईला गेलास, तेव्हा चेंडूमागं धावणाऱ्याला या घरात जागा नाही, असं मी बोललो होतो. ते तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

तुला खेळताना पाहायचं म्हणून तुझी आई दर हिवाळ्यात मागं लागायची. मी सांगायचो, भाडं परवडत नाही. मार्तंडा, मला सहकुटुंब फुकट पास मिळत होता. दरसाल मिळत होता आणि दरसाल वाया जात होता.

तुझा पत्ता इंदूनं कळवला हे मी खोटं लिहिलं. तो पहिल्यापासून घरात होता, तुझ्या आईच्या पेटीत. तिच्या शेवटच्या आजारात, ताप भरल्याच्या तिसऱ्या दिवशी, तारबाबू ईश्वरप्पा घरी आला. मुलाला तार करू का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, पत्ता न्हाई. नंतर इंदूलाही, साऱ्या गोताला तेच सांगितलं.

अजून एक आहे. ते कुणालाच सांगितलेलं नाही. तिनं मला विचारलं, "मार्तंडाला तार केली का?" मी हो म्हणालो. त्यानंतर दोन दिवस मनमाडकडची गाडी लागली की ती दाराकडं तोंड करून पडायची. शेवटल्या दिवशी म्हणाली, "सुट्टी मिळाली नसंल त्याला. रागावू नका त्याच्यावर."

तिनं तुला दोष दिला नाही. पण तार मिळूनही तू आला नाहीस, हे मनात घेऊन ती गेली, आणि ते मी केलं. राग माझा होता, आणि त्याची शिक्षा तिनं भोगली.

उद्या दुपारच्या गाडीनं मी मद्रासला निघतो. नको असेन तर दोन ओळी धाड, मी मुदखेडची गाडी धरीन. वाईट वाटून घेणार नाही.

तुझा बाप म्हणवून घ्यायला बिचकणारा,
रेणुकादास


सिकंदराबाद,
पौष शुद्ध ७, सकाळ

ती. नाना,

पत्र तीनदा वाचलं. तुमचं पहिलं पत्रही मिळालं होतं. काय लिहावं ते न कळून उत्तर दिलं नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करता येईल की नाही, तेही आज सांगता येत नाही. साधं मागितलं असतं तरी मुंबईच्या माझ्या साहेबानं मला सुट्टी दिली असती, एवढंच सकाळपासून डोक्यात घुमतंय. मला बाराव्या दिवसानंतर कळलं, नाना. इंदूनं लातूरला परतून लिहिलं तेव्हा.

पण आईच्या त्या पाच दिवसांचं सांगू शकेल असं तुमच्याशिवाय जगात कुणी नाही. ती काय बोलली, काय खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपायची, ते सगळं मला ऐकायचं आहे. काही गाळू नका. ज्यात तुम्ही वाईट दिसाल असंही गाळू नका.

संघ दुसऱ्या वर्गानं जाणार आहे. मी कप्तानाची परवानगी काढली आहे. मद्रास पुष्कळ लांब आहे. तुम्ही लवकर जाऊन तिसऱ्या वर्गात खिडकीशी दोघांची जागा धरा.

आईचा,
आणि तुमचाही,
मार्तंड