तिसरी पायरी

४ फेब्रुवारी

दाढ नाही, जबडा! बस डेपोच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली. "मावशी, दाढ ठणठणीत आहे. तुम्ही दात आवळून धरता." म्हटलं, झोपेत धरत असेन. "झोपेत कशाला? आत्ताही धरलेत की!" — आणि खरंच धरले होते.

ताण आहे म्हणे. ताण मोठ्या साहेबांना येतो, अशी माझी समजूत. मी आपली हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसणारी. छत्र्या, डबे, एकेकटे बूट. वस्तू विसरायची लोकांनी आणि बोलणी खायची मी.

५ फेब्रुवारी

लेक कामावरून आली आणि दारातच माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. चप्पल आडवी का, फोन का नाही केलास, तोंड का पाडलंयस. ती जेवली. ताट उचलताना म्हणाली, "आई, माझ्या कामाजवळ एक खोली आहे भाड्याने. पुढच्या आठवड्यात कळवायचंय." मी म्हटलं, जा ना, तुला कोणी अडवलंय?

असं का म्हटलं मी?

६ फेब्रुवारी

जबडा दुखतोय.

९ फेब्रुवारी

आमच्या खिडकीत एक पुस्तक आलंय — रोजचा ताण कसा ओळखावा. कोणीतरी बसमध्ये विसरलं. ओळखला असेल, म्हणून विसरलं! आमचे हे होते तेव्हा अशीच बेवारस पुस्तकं घरी आणायचे. "घे, तुझी शाळा आली," म्हणायचे. चौथीत सुटलेली शाळा मी त्या पुस्तकांवर पुरी केली.

डबा खाताना वाचलं. खांदे कानाला लागणं, जबडा आवळणं, बारीकसारीक गोष्टींवरून घरच्यांवर खेकसणं. घ्या, माझीच पत्रिका! पुढे लिहिलंय, काम आणि घर यांच्यामध्ये थोडा वेळ मोकळा ठेवा. कुठेतरी शांत बसा.

डबा तसाच राहिला. पायरी आठवली.

हे बस चालवायचे. ड्युटीवरून आले की सरळ वर यायचेच नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे. टोपी गुडघ्यावर, बुटाच्या नाड्या सोडलेल्या, नजर समोरच्या भिंतीवर. मी वरून ओरडायची, "घरात खुर्च्या नाहीत का?" हे खालून म्हणायचे, "थांब गं, अजून इंजिन चालू आहे!" मग वर यायचे ते हसतच. लेकीला खांद्यावर घ्यायचे, भांड्यावर ताल धरायचे. मला वाटायचं, काय हा आरामाचा जीव.

ते गेल्यावर त्यांच्या जागी मला डेपोत खिडकीचं काम मिळालं, त्याला तीन वर्षं झाली. कोण कोण काय काय बोलत असेल त्यांना दिवसभर! आज कोण ओरडलं, एवढं साधं मी कधी विचारलं नाही. त्यांनी वर काही आणलंच नाही, तर विचारणार तरी काय?

१० फेब्रुवारी

बसले तिसऱ्या पायरीवर. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, "काय हो, चक्कर आली का?" म्हटलं, "नाही, इंजिन गरम आहे." पायरी मधोमध जराशी झिजली आहे. तिथे बरोबर बसता येतं.

११ फेब्रुवारी

आजही बसले. दात सुटे होते. वर जाऊन चहा टाकला. लेक आली. चप्पल आडवीच होती, मीच सरळ केली. "बरी आहेस ना?" तिने विचारलं. आता हेही ऐकायचं! पण हसले. खोलीचं विचारायचा धीर झाला नाही.

१३ फेब्रुवारी

आज खिडकीत एक गृहस्थ टेबलावर मूठ आपटून गेले. चष्मा हरवला म्हणे. तो त्यांच्या कपाळावरच होता! ह्यांना सांगितलं असतं तर आठवडाभर पुरवून हसले असते. पायरीवर एकटीच हसले. मग थोडी रडलेही. पुस्तक म्हणतं, हे दोन्ही चालतं.

उद्या लेकीला त्या खोलीवाल्यांना कळवायचंय.

१४ फेब्रुवारी

महिन्याची सामानाची मोजदाद, म्हणून उशीर झाला. जिन्यापाशी आले तर तिसऱ्या पायरीवर लेक! पर्स मांडीवर, चप्पल काढलेली, नजर समोरच्या भिंतीवर.

"किल्ली विसरलीस का गं?"

"नाही. रोजच बसते."

"रोज? आणि सरळ वर का येत नाहीस?"

"वर तू असतेस ना, आई."

मी डब्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हटलं, "सरक जरा." ती सरकली. मी टेकले.

"आज कोण ओरडलं?" मी विचारलं.

"आधी तुझं सांग," ती म्हणाली.