उपाशी कोळ्याला दिलेले दोन घास

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझ्याशी भांडायला बसलोय. आधी कशावरून ते ऐक, नाहीतर म्हणशील, आल्या आल्या तोंड सोडलं.

वरच्या खोलीतला भाडेकरू इंजिनिअर बदली होऊन गेला, तेव्हा काचेच्या पेटीतला एक कोळी माझ्या गळ्यात मारून गेला. तळहाताएवढा, केसाळ. म्हणाला, "काका, अमेरिकेतला आहे, लई गरीब. बिनधास्त हातावर घ्या." मी वाळूजच्या कारखान्यात जन्मभर लेथवर काम केलेला माणूस, दुसऱ्यानं सांगितलेलं माप मी खरं धरत नाही. भिंग घेऊन बघत बसायचो. अमेरिकेतले कोळी चिडले की पायानं पोटावरचे केस झाडतात. हा झाडत नव्हता, पुढचे पाय उचलून अंगावर यायचा. सारखी माती उकरायचा. आणि डोळ्यांच्या मागं, पाठीच्या मधोमध, एक बारीक शिंग. मोबाईलवरच्या फोटोंशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं, हा आफ्रिकेतला, बिळात राहणारा, चावला तर हात ठणकत ठेवणारा. मग पेटीत वीतभर कोरडी माती दाबून भरली आणि त्याला त्याच्या बिळात सुखानं राहू दिलं. त्याचा लाड करायचा म्हणजे त्याला हात लावायचा नाही, एवढंच.

पुढं त्यानं खाणं सोडलं, बिळाचं तोंड जाळ्यानं लिंपून घेतलं. कात टाकायची वेळ आली होती. त्या वेळी तो उताणा पडतो, अंग लोण्यासारखं मऊ होतं, आणि जवळ जिवंत झुरळ असलं तर तेच त्याला कुरतडतं. हे मी अक्काला दोनदा समजावलं. अक्का, तुझी थोरली लेक, दाजी गेल्यापासून माझ्याकडंच असते. मी नात्यातल्या एका साखरपुड्याला लासूरला गेलो. परत येऊन बघतो तर जाळं फाटलेलं.

"अक्का, बिळाला हात कुणी लावला?"

"मीच. चिमट्यानं उघडलं. कवाचा उपाशी व्हता बिचारा. दोन घास तर दिले."

"जिवंत झुरळ टाकलंस?"

"मग काय मेलेलं टाकू? पाव्हण्याला शिळं वाढतेत व्हय?"

दोन घास तर दिले. माय, हे वाक्य तुझं आहे. दादांच्या, आमच्या बापाच्या, पोटाचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले होते, मी सांगेपर्यंत तोंडातून काही द्यायचं नाही. तू पदराखाली डबा नेलास. मी खाटेच्या पायथ्याशी उभा आहे, दादा मान हलवून नको म्हणतायत, आणि तू मऊ खिचडीचा चमचा त्यांच्या ओठाला लावतेयस. दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं त्यांचं. माणूस वाचला, पण परत धड जेवला नाही. डॉक्टर ओरडले तेव्हा तू हेच बोललीस, आणि वर रडलीस, म्हणून सगळे तुझीच समजूत घालत बसले. दादांना कुणी विचारलं नाही. तुझ्या घरात नको म्हणणारा माणूस खोटंच बोलतो, असं धरून चालायचीस तू. ताप असो, पोट फुगलेलं असो, वाढत सुटायचीस. वर शेजारणींना सांगायचीस, माझ्या हातचं कुणी नाय म्हणत नाय. म्हणायची सोय कुठं होती, माय?

कोळ्याच्या पोटाला चीर पडली होती, पाणी झिरपत होतं. स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर आणून ब्रशनं हळूच लावलं, झिरपणं थांबावं म्हणून. थोडा वेळ थांबलंही. एक पाय हलला. मग पाय आत ओढून घेतले त्यानं आणि संपलं. मी हात धुतले आणि तिथंच बसून राहिलो. इतका राग दादांच्या वेळीही आला नव्हता. तेव्हा मी लहान होतो, तुझं खरं वाटायचं मला.

हे सगळं अक्काला बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. सत्तरी ओलांडलीय तिनं, गुडघे धरून उठते, आणि जीव लावायचा दुसरा कुठला रस्ता तिला माहीतच नाही. तू शिकवलाच नाहीस. म्हणून तुला लिहितोय, जिथं हे पोचणार नाही तिथं. आज सकाळी चहा गाळता गाळता तिनं विचारलं, "खाल्लं का रं त्यानं?"

मी म्हणालो, "खाल्लं. पोटभर."