मनस्वीचं घडाघडा वाचन

घणसोली गाव

तीर्थस्वरूप पुतळाबाय हिला धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे वाकणं कागदावरच). तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे मोरा बंदरावर सगळी बरी ना?

इकडे माझी फजिती झाली, ती दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो. आमच्या पालिकेच्या शाळेत पायलमॅडमनी दुसरीच्या मुलांना एकेक करून वाचायला लावलं आणि माझ्या नातीला, मनस्वीला, जादा मदतीच्या गटात घातलं. जी पोर अख्खं पुस्तक घडाघडा वाचते (आमचे भाडेकरू साक्षीला आहेत), ती मागे? मी इस्त्रीचा सदरा घालून भांडायला गेलो. मॅडमसमोरच तिला वाचायला लावलं. तिनं धडा असा म्हटला की मी मिशीवर हात फिरवला. मॅडमनी शांतपणे बोटानं दाखवलं. उघडलेलं पान दुसऱ्याच धड्याचं होतं.

मग त्यांनी चित्र नसलेला कागद दिला, चारच ओळींचा. मनस्वी बघत राहिली आणि माझा सदरा धरून हळूच म्हणाली, “आबा, वर्गात सगली म्हनतात ना, तवा मी ऐकून ठेवते. मला अक्षरां नाय वाचता येत.” बाय, दीड वर्ष ती पोर हे एकटी लपवत होती आणि मी टाळ्या वाजवत होतो.

मॅडम म्हणाल्या, “हुशार आहे म्हणून निभावलं, आबा. आत्ता कळलं ते बरं. अजून दोन वर्षांनी तिनं पुस्तकच टाकलं असतं.” डोळे-कान तपासले, ठीक निघाले. आता शाळेत रोज अर्धा तास तिला पाच मुलांत बसवून शिकवतात आणि घरी दहा मिनिटं मी (चौथी पास, जोडाक्षर आलं की दोघंही अडकतो). दुकानांच्या पाट्या वाचत फिरतो. एका पाटीपुढे इतका वेळ उभे होतो की दुकानदारानं गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली. दोन महिने झाले. अजून हळू वाचते, पण जे लिहिलंय तेच वाचते.

तुझा,
गोटीराम

ता. क. हे पत्र मनस्वीनं वाचलं. दोन चुका काढल्या. दोन्ही माझ्या.

आणखी ता. क. खरं काम हे. तुझा नातू मिथुन पाचवीत जाऊनही वाचत नाही म्हणून लग्नात चारचौघांत मी त्याला ढ म्हणालो. शाळा सोडवून होडीवर धाड, हेही मीच सांगितलं. ते परत घेतो. त्याच्या सरांना भेटून त्याचं वाचन नीट तपासायला सांग. रविवारी मी येतो, त्याची माफी मागायची आहे. मी येतोय हे मात्र त्याला सांगू नकोस. पळून जाईल.