श्री. यु. कु. लेले यांस

सोलापूर, ४ ऑगस्ट १९७४

चि. सिद्धनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आईचा खोकला उतरला. तू नोकरीत कायम झालास की तुळजापूरला जायचं, असं तिने देवीला सांगून टाकलं आहे.

तुमच्या कारखान्याची ती चार तारांची वाद्यं शाळेत आली. गिटार बनवणारी एवढी मोठी कंपनी, शिवाय माझा भाऊ तिथं तपासनीस, असं मीच मुख्याध्यापिकाबाईंना सांगून ती मागवली. युकुलेले हे नाव मुलींच्या जिभेवर बसेना. त्या म्हणतात, लेलेकाका.

पण लेलेकाका सुरात गात नाहीत रे. मोकळी तार बरोबर लागते. तिसऱ्या पडद्यावर दाबली की चढते. आठवडाभर मी मुलींनाच बेसूर म्हटलं. काल पेटीशी ताडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पडद्यांची टोकंही बाहेर आली आहेत. मुमताजचं बोट कापलं, तर म्हणते, "बाई, लेलेकाका चावले." वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

वाद्याच्या आत चिठ्ठी आहे: 'तपासून पास', खाली 'सि.'. अक्षर तुझंच ना? मुख्याध्यापिकाबाईंनी तक्रार लिहायला मलाच सांगितलं आहे. लगेच कळव.

माया आहेच, ती तपासायला नको.

तुझी विजूअक्का


पुणे, ८ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अक्षर माझंच. गिटारचा आम्ही पडदा न् पडदा वाजवून पाहतो. ही वाद्यं स्वस्तातली, म्हणून मोकळ्या तारा छेडायच्या आणि चिठ्ठी डकवायची, असा रावजी फोरमनचा हुकूम. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "पोरांचं खेळणं हाय ते. त्याला कुटं मैफल करायचीय?" मी पुढची चिठ्ठी डकवली. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते पुढच्या महिन्यात हेच सांगणार आहेत.

तक्रार कर, पण चिठ्ठीचा उल्लेख टाळ. साहेब आधी सही बघतात, मग वाद्य. दिवाळीत कानस घेऊन येतो आणि टोकं तरी घासून देतो. अक्का, एवढं ऐक.

रागावलीस तरी पत्र बंद करू नयेस.

तुझा सिद्धनाथ


सोलापूर, १२ ऑगस्ट

चि. सिद्धनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच तक्रार टपालात पडली, चिठ्ठीसकट. तुझं पत्र आधी मिळालं असतं तर मी काय केलं असतं, हे स्वतःला विचारते आहे. आईला काही सांगितलेलं नाही. ती तुळजापूरसाठी खण निवडते आहे.

काही कळलं तर लपवू नकोस.

विजूअक्का


सोलापूर, २४ ऑगस्ट

चि. सिद्धनाथ यास आशीर्वाद.

तक्रार परत आली. पाकिटावर तुमच्या गेटवाल्याचा शेरा आहे: 'या नावाचा इसम येथे नाही.' आमचे कारकून इमामसाब यांनी पत्ता टाइप केला तो असा: श्री. यु. कु. लेले, व्यवस्थापक. खोक्यावर नाव ठळक छापलंय, म्हणजे मोठे साहेबच असणार, असं ते समजले. कोकणस्थ माणूस, उत्तर नक्की देईल, असंही म्हणाले.

मी पोट धरून हसले. घरी आल्यावर त्या हसण्याचीच भीती वाटली. ते विनोदाचं नव्हतं, सुटकेचं होतं.

पाकीट बंदच आहे. बाई आज ना उद्या विचारतील. नाव दुरुस्त करून पुन्हा टाकलं, तर या खेपेला तुझं नुकसान मी जाणूनबुजून केलेलं असेल. नाही टाकलं, तर मुमताजला "चुकलीस" म्हणायला मला तोंड उरणार नाही. तुलाच विचारणं बरं नव्हे, हे कळतं. तरी विचारते.

तुझं उत्तर काहीही आलं तरी मी अक्काच आहे.

विजूअक्का


पुणे, २९ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल पुढ्यात आलेल्या प्रत्येक वाद्याचा तिसरा पडदा दाबून पाहिला आणि बेसूर निघाली त्यांना चिठ्ठी डकवली नाही. रावजी म्हणाले, "सिद्धू, लई शाना झालास की." मग दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. ते बोललेले परवडतात. कायम होण्याचं आता काही खरं नाही. आईला सांग, खण जपून ठेव.

पाकीट फोडू नकोस, नावही खोडू नकोस. आहे तसंच पुन्हा टाक. गेटवरच्या मौलाला सांगून ठेवलं आहे, की या नावाचा इसम येथे आहे. आलं की साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवीन.

मुमताजच्या बोटाला आराम पडला का, ते कळव.

तुझाच,
यु. कु. लेले